चाललं? मग आता घाबरूया

प्रोग्रॅम पहिल्यांदा नीट चालला, की काकाजी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "चाललं? मग आता घाबरूया."

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात अशा वेळी समोसे मागवतात. आमच्याकडे लोक हळूच आपापल्या टेबलाकडे सटकायचे. कारण आता अर्धा दिवस ही चाललेली गोष्ट का चालली याची चौकशी बसणार आणि जो हाताशी सापडेल तो साक्षीदार होणार, हे सगळ्यांना पाठ होतं. बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा त्यांना कधी राग आला नाही. तो निदान खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. संशय सगळा चालणाऱ्यावर. दाराला कुलूप लावून पुन्हापुन्हा ओढून बघणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. काकाजी त्यातलेच, फक्त ओढूनही कुलूप उघडलं नाही म्हणून काळजीत पडणारे.

हा माणूस फार हुशार आहे की थोडा चक्रम, हे मला पहिल्या दिवसापासून कळलं नाही. आता ते इथे नाहीत, मी अजून इथेच आहे, आणि तरी माझं काही नक्की ठरत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

जयपूरला मी आले ती नवऱ्याच्या बदलीपायी. तो बँकेत आहे. त्याची बढती म्हणजे माझा राजीनामा, हे आमच्या घरातलं ठरलेलं गणित. पुण्यात मी वेबसाइटी बनवायचे. इथे दुर्गापुऱ्यात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा-सात जणांचं ऑफिस होतं, तिथे मला काम मिळालं. खालच्या औषधांचा वास जिन्यातून वर यायचा आणि डब्यातल्या पोळीलाही लागायचा. काम म्हणजे हॉस्पिटलांना लागणारी छोटी यंत्रं बनवायची, त्यांना आम्ही डबेच म्हणायचो, आणि त्या डब्यांत घालायचे प्रोग्रॅम लिहायचे. सगळं सी भाषेत. सी मी कॉलेजात परीक्षेपुरती केलेली आणि पेपर टाकून बाहेर पडल्याबरोबर विसरलेली. मालक माझ्याहून लहान, त्याला सगळे भैया म्हणायचे. भैयाने मला काकाजींच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, इनसे सब सीख लीजिए, बस इनकी तरह डरना मत सीखिए.

पहिल्याच दिवशी मी नवऱ्याशी फोनवर भांडत होते. विषय गॅसचा सिलिंडर, भाषा मराठी, आवाज अगदी मोकळा, परक्या गावात कोणाला काय कळतंय अशा समजुतीने. शेजारचे गृहस्थ मान खाली घालून बसलेले. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पूर्ण झालं? मतलब, मध्ये कसं बोलणार म्हणून थांबलो. मी पण मराठीच आहे." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यांचे वडील हिशेब खात्यात बदली होऊन इथे आले होते आणि पुढची बदली खटपटी करून रद्द करून घेऊन इथेच राहिले. काकाजींचा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली. आमच्या ऑफिसात ते निवृत्तीनंतर आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खुर्चीवर घरून आणलेली उशी. त्यांची मराठी आईकडून आलेली आणि आईच्या स्वयंपाकघराबाहेर ती फारशी पडलीच नव्हती. सांडशी, उलथनं, पाटा-वरवंटा, चुरचुरीत फोडणी, हे त्यांच्या तोंडी अगदी ठसठशीत. पण विमा, दुरुस्ती, जबाबदारी असलं काही म्हणायची वेळ आली की गाडी हिंदीच्या रुळावर. त्यांना ऑफिसात काकाजी म्हणायचे. त्यातला काका आमचा आणि जी त्यांचा, असा तो समझोता होता.

गेल्या वर्षी आमच्याकडे सांगानेरजवळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग सरळ नसते, हे मला तेव्हा कळलं. माणूस आत जातो, डोळ्यांत थेंब घालून बाहेर येतो, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसतो आणि मग परत रांगेत मध्येच शिरतो. कोणी लांबच्या गावाहून आलेलं, कोणी पार थकलेलं, त्यांना पुढे घ्यायचं असतं. नोंदणीच्या खिडकीतल्या संगणकावर ही रांग ठेवायची आणि तिथून ती डॉक्टरांच्या खोल्यांतल्या डब्यांना आणि बाहेरच्या पडद्याला पाठवायची, म्हणजे कंपाउंडर नाव वाचून हाक मारेल. एवढंच आमचं काम. ऐकायला अगदी सोपं.

माणसं सारखी मध्येच घालायची-काढायची, म्हणून काकाजींनी त्या रांगेची लिंक्ड लिस्ट केली. म्हणजे प्रत्येक पेशंटचं संगणकाच्या मेमरीत एक खोकं. खोक्यात त्याचा नंबर, त्याचं नाव आणि पुढच्याचं खोकं मेमरीत कुठे आहे तो पत्ता. खोकी कुठेही विखुरलेली असोत, एकातला पत्ता वाचून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातला वाचून तिसऱ्याकडे, असं गेलं की रांग सापडते. मी म्हटलं, मग पाठवायला काय अवघड आहे, उचलायची खोकी आणि द्यायची धाडून. काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला. मग उठून म्हणाले, सगळ्यांना उभं कर.

त्यांनी आम्हाला ऑफिसभर पसरवलं. महेंद्र, जो बाकीचा प्रोग्रॅम लिहायचा, तो फ्रिजशेजारी. मी खिडकीपाशी. हिशेबवाल्या मॅडम जिन्याच्या तोंडाशी, आणि खुद्द भैया दारात. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर पुढचा माणूस कुठे आहे ते लिहिलेलं. मग मॅडमपासून सुरुवात करून ते प्रत्येकाला विचारत फिरले आणि रांग बरोबर लागली. मला वाटलं, संपलं. पण नाही. आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. जानेवारीचा गार वारा सुटला होता, मॅडमनी शाल डोक्यावरून घेतली. वाटेल तिथे उभे राहा म्हणाले, आणि मला विचारलं, तुझ्या पुढचा कोण? मी चिठ्ठी वाचली, पुढचा फ्रिजशेजारी. गच्चीवर फ्रिज कुठला? पाण्याची टाकी होती आणि खालच्या दुकानाची वाळत घातलेली पोती. भैया म्हणाला, काकाजी, फ्रिज ऊपर मँगवा लें क्या? सगळे खोखो हसले.

काकाजी हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की एका संगणकातला पत्ता दुसऱ्या संगणकात कुचकामी. पत्ता पाठवायचाच नाही. खोकी क्रमाने पाठवायची, पहिलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि पोचल्यावर तिकडचे पत्ते तिकडे नव्याने लिहायचे. मी जोरजोरात मान हलवली. मला सगळं कळलं असं मला वाटलं. आठवड्याने लिहायला बसले तेव्हा काही कळलं नव्हतं हे कळलं.

त्यांनी लिहिलेली पाठवणी मात्र चोख होती. खोकी जशीच्या तशी क्रमाने जात आणि पलीकडे नव्याने जोडली जात. मग नावांचा घोळ झाला. दवाखान्यात लोक नाव सांगताना सबंध घराणं सांगतात. भंवरी देवी पत्नी स्वर्गीय श्री रामेश्वर लाल जी, असं काहीतरी. आमच्या खोक्यात नावाला जागा ठरलेली, त्यामुळे नाव 'पत्नी'वरच तुटायचं आणि कोणाची पत्नी ते बाहेर राहायचं. दवाखान्याने तक्रार केली. महेंद्रने तोड काढली. नाव खोक्यात ठेवायचंच नाही, मेमरीत दुसरीकडे लागेल तेवढी जागा घेऊन ठेवायचं, आणि खोक्यात फक्त नाव कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याच टेबलावर चाचणी घेतली आणि लांबलचक नावं पडद्यावर अख्खीच्या अख्खी उमटली. महेंद्र खुश, भैया खुश. काकाजींचे हात मांडीवर गेले.

या वेळची त्यांची भीती मला काही वेगळीच वाटली. "घर बदललं," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला बरोबर नव्या दारात? असं होत नाही, बेटा." पण चुकलंय कुठे, ते सांगेनात. रोज सकाळी यायचे, चाचणी चालवायचे, नावं नीट आलेली बघायचे, नाराजीने मान हलवायचे आणि दुसऱ्याच कामाला लागायचे. एरवी संशय आला की हा माणूस प्रोग्रॅमचा कागदावर छापा काढायचा आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचायचा. या वेळी भीती तेवढी होती, तपास काहीच नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळेना. भैया विचारायचा, दवाखान्यात लावून टाकू का? काकाजी म्हणायचे, अभी नहीं. का नाही? तर डर लग रहा है.

इकडे काकूंचे मला फोन. काकू म्हणजे काकाजींची बायको. त्या सांगलीच्या. लग्न होऊन इथे आल्या, अर्ध्याहून जास्त आयुष्य इथे काढलं, पण जीव काही रमला नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची पहिली भेट झाली, तेव्हा मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो आरती संपेपर्यंत सोडला नाही. एरवी मी त्यांना गप्प आणि जराशा कुरकुऱ्या बाई समजत होते. सांगलीत बहिणीच्या शेजारी त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. काकाजींचं आज जाऊ, उद्या जाऊ चाललेलं. शेवटी त्यांनी कबूल केलं होतं, की डोळ्यांच्या दवाखान्याचं काम सुरू झालं, की जयपूर सोडायचं. म्हणजे आमचा डबा तिकडे चालू लागणं आणि या माणसाचं जन्मापासूनचं गाव सुटणं, हे एकच होतं. मला हे काकूंकडून कळलं. काकाजींनी ऑफिसात चकार शब्द काढला नव्हता.

काकू विचारायच्या, झालं का गं? मी म्हणायचे, चालतंय तर खरं काकू. की त्या डबे-बरण्या बांधायला घ्यायच्या. संध्याकाळी काकाजी घरी जाऊन सांगायचे, अजून नाही झालं. की बरण्या परत फळीवर. असं होता होता एक दिवस काकूंनी मला सरळच विचारलं, "खरं सांग. काम अडलंय, की हे अडून बसलेत?"

मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं. मला काकाजींचा राग यायचा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? नसेल जायचं तर बायकोच्या तोंडावर नाही म्हणावं. मग काकूंचाही राग यायचा. या वयाच्या माणसाला मुळासकट उपटून न्यायचं म्हणजे काय? आणि मग वाटायचं, काकूंना नव्हतं का उपटून आणलं, तेव्हा कोणी विचारलं होतं? मलाच कोणी विचारलं? अशी मी दोन्हीकडून भांडायचे, एकटीच, भाजी चिरता चिरता. नवरा म्हणायचा, तुझा काय संबंध?

मार्चमध्ये भैयाचा धीर सुटला. त्याने जाहीर केलं, उद्या डबे दवाखान्यात लावायचे. मला वाटलं आता काकाजी हातपाय पसरून आडवे पडतील. ते नुसतं ठीक है म्हणाले आणि उशी झटकून परत बसले. त्यामुळे तर मी आणखीच गोंधळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैया, महेंद्र, काकाजी आणि मी दवाखान्यात. बाकांवर माणसंच माणसं, जागा नाही म्हणून भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. महेंद्रने डबे जोडले, पडदा लावला. नंबर आले, अगदी बरोबर, क्रमही बरोबर. नावांच्या जागी मात्र कचरा. चौकोन, तुटकी अक्षरं, प्रश्नचिन्हं. दोन-चार नंबर पुढे सरकले आणि पडदा काळा झाला. परत चालू केला, परत तेच. महेंद्रचा चेहरा पांढराफटक. वहाँ मेज पर तो चल रहा था, वहाँ मेज पर तो चल रहा था, एवढंच तो म्हणत राहिला.

कंपाउंडरला डॉक्टरांच्या खोलीतल्या डब्यावर नाव दिसेना, म्हणून तो नुसते नंबर ओरडू लागला. पण डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर कुठला दिसायला? सगळं धूसर. निम्म्या लोकांना वाचताच येत नव्हतं. ते आपल्या नावाची वाट बघत बसलेले, आणि नाव काही येत नव्हतं. एक म्हातारी होती, घागरा-ओढणीतली, सून औषधाच्या खिडकीशी गेलेली. ती जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "म्हारो नंबर आग्यो कांई?" मला विचारलं. महेंद्रला विचारलं. एकदा तर शेजारच्या खांबाला विचारलं, माणूस आहे असं वाटून. तिचा नंबर पुकारून कधीच पुढे गेला होता.

काकाजी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. "हाल कोनी आयो, माजी," म्हणजे अजून नाही आला, असं म्हणाले, आणि पुढे तिच्याशी तिच्याच बोलीत बोलू लागले. मी बघतच राहिले. मराठीत अडखळणारा आणि हिंदीत मोजून बोलणारा हा माणूस त्या बोलीत भरभर बोलत होता, हसत होता, गाव कुठलं, म्हशी किती, पाऊसपाणी काय, सगळं विचारत होता. ती म्हातारीही हसली. मग तिचा हात धरून तिला डॉक्टरांच्या दारापर्यंत घेऊन गेले, कंपाउंडरला सांगून आत पोचवलं.

परत आले, भिंतीशी जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला. मला वाटलं आता छापा, आता बोट, आता संध्याकाळ. त्यांनी शोधलं काहीच नाही. सरळ त्याच जागी गेले आणि म्हणाले, "बघ. नावाचा पत्ता गेलाय. नाव गेलंच नाही."

महेंद्रने नाव खोक्याबाहेर ठेवलं होतं, पण पाठवणी जुनीच होती, खोकं जसंच्या तसं उचलणारी. पुढच्याचा पत्ता पलीकडे नव्याने लिहिला जात होता, नावाचा मात्र इकडचाच जात होता, आणि त्या पत्त्यावर तिकडे भलतंच काहीतरी पडलेलं. मग ऑफिसात नावं दिसायची कशी? कारण आमच्या चाचणीत पाठवणारा आणि घेणारा ही एकाच प्रोग्रॅमची दोन अर्धुकं होती. रांग तयार करून झाल्यावर प्रोग्रॅम स्वतःची हुबेहूब नक्कल काढायचा आणि त्या नकलेला पाठवायचा. एकाच्या मेमरीत जे जिथे, तेच दुसऱ्याच्या मेमरीतही तिथेच. पत्ता गेला तरी नाव सापडायचंच. बिनचूक चुकीचं, असं ते प्रकरण होतं. महेंद्रने कपाळावर हात मारून घेतला.

दुरुस्ती त्यांनी तिथेच केली, जेवायच्या आधी. प्रत्येक खोक्यामागून आधी नाव किती लांब आहे ते पाठवायचं, मग नावच पाठवायचं, आणि पलीकडे तेवढी जागा घेऊन त्यात भरायचं. पडदा लागला. भंवरी देवी पत्नी स्वर्गीय श्री, सगळं अगदी लाल जी पर्यंत. कंपाउंडर हाका मारू लागला, माणसं आपलं नाव ऐकून उठू लागली. भैयाने काकाजींच्या पायाला हात लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पण ते काही बोलले नाहीत. लॅपटॉप पिशवीत घातला आणि पाणी मागितलं.

परत येताना ऑटोत आम्ही दोघंच होतो. टोंक रोडला गर्दी, धूर, आणि माझ्या पोटात प्रश्न मावेना. मी विचारलंच, काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मतलब, मी बघितलंच नाही. फाईल उघडलीच नाही. उघडली असती तर दिसलं असतं, किती सोपं होतं. दिसलं असतं तर दुरुस्त केलं असतं. केलं असतं तर निघावं लागलं असतं."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"रोज देवाला म्हणायचो, काहीतरी चूक निघू दे. निघाली. आणि त्या माजीला बघून मला इतकी लाज वाटली."

मी म्हटलं, मग आज तरी कशाला घाई केलीत, सावकाश करायचं होतं महिनाभर, कोण तुम्हाला विचारणार होतं? माझ्या आवाजात राग होता की काय होतं, मला अजून सांगता येणार नाही.

"तिला दिसत नव्हतं गं," ते म्हणाले. "मला दिसत होतं."

या माणसाला आता फटकारावं की त्याचा हात हातात घ्यावा, मला ठरवता आलं नाही. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. ऑटोवाल्याला वळण सांगितलं.

काकूंचा त्या संध्याकाळी फोन आला नाही. काकाजींनीच त्यांना सांगितलं असणार. एप्रिलच्या सुरुवातीला ते गेले. गाडीवर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. महेंद्र लहान पोरासारखा रडला, भैयाने शाल घातली, हिशेबवाल्या मॅडमनी वाटेत खायला मठरी दिली. काकू एवढ्या मोठ्याने हसत-बोलत होत्या की मी चकित झाले, या बाईंना इतका आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. काकाजी सामान मोजत होते, पुन्हापुन्हा, आणि आमच्याकडे बघायचं टाळत होते. गाडी हलल्यावर त्यांनी हात केला तो नेमका कोणाला, ते कळलं नाही.

मेमध्ये मी माहेरी कोल्हापूरला गेले तेव्हा एक दिवस सांगलीला जाऊन आले. दार उघडंच. काकूंनी मला मिठी मारली. घरात सारखी ये-जा, शेजारीण वाटी घेऊन आलेली, बहीण आतून काहीतरी सांगतेय, कोणाचं तरी पोर सोफ्यावर उड्या मारतंय. काकू वयाने दहा वर्षं लहान दिसत होत्या, खोटं नाही सांगत. भडंगाची बशी माझ्या हातात देऊन त्यांनी सांगितलं, की ह्यांनी गाडीत त्यांना सगळं सांगून टाकलं, फाईल न उघडल्याचंसुद्धा. "अर्धा रस्ता मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, जाऊ दे. सांगितलं तरी." आणि डोळे पुसून परत हसायला लागल्या. मला फार बरं वाटलं त्यांच्यासाठी. मनापासून सांगते.

काकाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. गळ्यापर्यंत बटणं, दोन पेनं. मी म्हटलं, कसं काय? म्हणाले, छान आहे. सगळं मिळतं. पाणी पण चांगलं. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याशी बोलायची आणि ते हो हो म्हणायचे. जुनी ओळख असल्यासारखं सगळे वागत होते, आणि ते पाहुण्यासारखे हसत होते. काकू चहा टाकायला आत गेल्या. तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"तिकडे ऊन कसंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, विचारू नका काका, भयंकर आहे. पंचेचाळीसच्या वर गेलंय. नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. महेंद्रला लू लागली, आठवडाभर आडवा होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी आपली तक्रार करत होते, उन्हाबद्दल माणूस दुसरं काय करतो? बोलता बोलता त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि चेहरा जरासा वर उचलला होता.

मी थांबले.

"अजून सांग," ते म्हणाले.